तो वास टीसीएलचा नव्हता

मी घोरावाडीला राहते आणि लोणावळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सकाळी लोणावळ्याकडे जाणारी लोकल बरीच मोकळी असते, त्यामुळे जर्नलं तपासायचं माझं निम्मं काम गाडीतच उरकतं. कामशेतला माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी चढायची. तिचं गाव तिकोणा पेठेच्या पुढं, पवना धरणाच्या अंगाला. गावातून जीपनं कामशेत आणि तिथून लोकल, असा तिचा रोजचा प्रवास. सुरुवातीला मी दिसले की ती पुढच्या दाराला जाऊन उभी राहायची. पुढं पुढं माझ्या समोरच्या बाकावर बसू लागली. आम्ही फार बोलायचो असं नाही. ती बाहेर बघायची, माझं लाल पेन चालू असायचं.

फेब्रुवारीत एकदा तिनं विचारलं, "मॅडम, पाण्याला दवाखान्यासारखा वास येत असेल तर कशामुळं येतो?"

"कुठल्या पाण्याला?"

"गावाच्या नळाला. महिना झाला. चहाला पण येतो."

"टीसीएल जास्त पडत असेल," मी जर्नलातून मान वर न काढता म्हटलं. "पाणी सोडणाऱ्याला सांगा, मापानं टाक म्हणावं."

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायला टाकीत टाकतात ती क्लोरीनची पावडर. गावोगाव तीच वापरतात आणि गावोगाव लोक तिच्या वासाची तक्रार करतात. म्हणून मी सवयीनं उत्तर दिलं. मालवली गेलं, लोणावळा आलं, आम्ही उतरलो आणि मी ते विसरून गेले.

पंधराएक दिवसांनी आमचं फिनॉल ओळखण्याचं प्रॅक्टिकल होतं. पांढऱ्या पुडीत एक अनोळखी पदार्थ द्यायचा आणि तो कुठल्या कुळातला हे मुलांनी शोधायचं. बेंझिनचं कडं ज्यांच्या पोटात असतं असे पदार्थ पुष्कळ. त्यातलं फिनॉल निराळं काढायचं तर कॉस्टिक सोड्यात विरघळतं का बघायचं, खायच्या सोड्याबरोबर बुडबुडे येतात का बघायचं, शेवटी फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकायचे. जांभळा रंग आला की मुलं खूश होतात. बरीचशी मुलं आधीच्या चाचण्या न करता एकदम तिथंच जातात आणि मागचं सगळं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात. वीस वर्षं मी हे बघत आले आहे.

प्रॅक्टिकल संपलं. सगळे गेले, ती मुलगी मात्र बेसिनपाशी रेंगाळत राहिली. धुतलेल्या परीक्षानळ्याच पुन्हा धुवत होती.

"काय गं, जीप चुकेल तुझी."

"मॅडम, आमच्याकडं पाणी सोडणाऱ्या आबांना कामावरनं काढलं."

मला आधी संदर्भच लागेना.

"तुमचं नाव सांगून काढलं," ती म्हणाली. मग नळ बंद करून तिनं सगळं सांगितलं. गाडीतलं माझं बोलणं तिनं घरी सांगितलं होतं. तिच्या वडिलांनी ते ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की लोणावळ्याच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडमच म्हणाल्यात, पावडर जास्त पडते. आबा सांगत होते की मी चमच्यानं मोजून टाकतो, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. लोक आधीच वैतागले होते, दोन मुलांना उलट्याही झाल्या होत्या. ठराव झाला. बावीस वर्षं गावाला पाणी सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी टाकीची किल्ली ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवून घरी गेला.

"आणि आता?"

"आता नवीन माणूस निम्मीच पावडर टाकतो. वास तसाच आहे."

मी स्टुलावर बसले. कुणी माझं नाव घेऊन काही चुकीचं केलं असतं तर मला राग आला असता. इथं तर त्यांनी माझेच शब्द वापरले होते, आणि मी ते शब्द पाण्याचा थेंबही न बघता बोलले होते. वर्गात एखाद्या मुलानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

तिला मी काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या दिल्या. एकीत गावाची टाकी भरतात त्या विहिरीतलं थेट, पावडर न पडलेलं पाणी आणायचं, दुसरीत नळाचं. आणि तोवर घरातल्यांनी नळाचं पाणी प्यायचं नाही, हापशाचं प्यायचं, असंही बजावलं.

दोन दिवसांनी तिनं बाटल्या आणल्या. विहिरीच्या पाण्याला काहीच वास नव्हता. नळाच्या पाण्याचं बूच काढलं आणि मी बाटली नाकापासून लांब धरली. क्लोरीनचा वास मला चांगला माहीत आहे. हा तो नव्हता. जुन्या सरकारी दवाखान्याच्या फरशीला यायचा तसा होता.

मी दोन्ही पाण्यांत फेरिक क्लोराइड टाकलं. रंग पिवळट होता तसाच राहिला. ब्रोमीनचं पाणी टाकलं, तेही रंग न सोडता बसून राहिलं.

"म्हणजे काहीच नाही?" मुलीचा चेहरा उतरला.

"म्हणजे आपल्या परीक्षानळीला दिसेल इतकं नाही," मी म्हटलं. "नाकाला कळतंय ना? मग अजून थांब."

मग मी दोन चंबू घेतले. एकात तिच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आमच्या कॉलेजच्या फिल्टरचं. दोन्हींत सारखीच, अगदी चिमटीभर टीसीएल पावडर टाकली, झाकणं लावली आणि आम्ही डबा खायला बसलो. तिच्या डब्यात वाल होते, ते तिनं मला अर्धे दिले. डबे धुऊन झाल्यावर झाकणं काढली. कॉलेजच्या पाण्याला साधा पावडरीचा वास होता. विहिरीच्या पाण्याला दवाखान्याचा.

तिनं दोनदा हुंगून बघितलं. "पावडर तर सारखीच टाकली आपण."

"पाणी सारखं नव्हतं."

फिनॉलच्या जातीचं काही पाण्यात अगदी लेशमात्र असलं तर नुसतं कळत नाही. पण त्यात क्लोरीन पडलं की जे तयार होतं त्याची चव आणि वास माणसाला फार थोड्या मात्रेतही कळतो. हे मला ठाऊक होतं, परीक्षेपुरतं शिकवलंही होतं. त्या दिवशी गाडीत मात्र आठवलं नव्हतं.

"तुमच्या विहिरीत हल्ली काही नवीन आलंय का? पाइप, रंग, काहीही?"

ती आठवून सांगू लागली. पाइप जुनाच. दोर जुना. मोटर दुरुस्त करून आणलेली, पण तीही मागच्या वर्षी. संक्रांतीच्या सुमाराला पाणी खाली गेलं तेव्हा मोटर पाण्याबरोबर खालीवर व्हावी म्हणून तराफा केला. दोन ड्रम आडवे बांधून त्यावर पाट. आणि तिथं ती थांबली.

"ड्रम कुठले?"

"भंगारवाल्याकडचे. निळे प्लास्टिकचे." तिनं चंबूचं झाकण परत लावलं. मग म्हणाली, "माझ्या वडिलांनी दिलेत, फुकट. गोठ्यासाठी तीन आणले होते, त्यातले दोन गावाला दिले. तराफा पण त्यांनीच बांधला."

ग्रामसभेत उभे राहिलेले तेच हे वडील. मी तिला म्हटलं, तू घरी काही सांगू नकोस, मी येते.

रविवारी मी कामशेतहून जीपनं तिच्या गावी गेले. वडील दारातच उभे होते. इंद्रायणी भात लावणारं, दोन गाई असणारं घर, आणि वडील दिवसा पवनेच्या काठावरच्या एका रिसॉर्टवर देखभालीचं काम करणारे. हाताला काम येणारा माणूस. गावात कुणाचं काही मोडलं की त्यांच्याकडं यायचं. मी काय सांगायला आले आहे ते कळल्यावरही त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, मी तीनदा धुतलेत ते. राखंनं घासलेत. आन् तवा तुमीच म्हनला व्हता ना, पावडर जास्त पडती?"

"म्हटलं होतं. न बघता म्हटलं होतं. चूक झाली माझी."

त्यांना बहुधा हे अपेक्षित नव्हतं. ते उठून गोठ्यात गेले, मी मागोमाग. तिसरा ड्रम तिथंच उभा होता, वरून झकास धुतलेला. मी हातमोजे घातले. बुचाच्या खाली आट्यांची जी खोबण असते तिच्यात आणि आतून गळ्याच्या वळणावर, जिथं घासणी पोचत नाही, तिथं गुलाबी-तपकिरी खरपुडी धरली होती. थोडी खरवडून मी काचेच्या बाटलीत घेतली आणि कुणी ड्रमला हात लावू नका म्हणून सांगितलं.

"ह्येच हाय कशावरनं?" ते म्हणाले. "मला माज्या डोळ्यानं बघायचंय."

"या उद्या लॅबमध्ये."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी दुपारी ते आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मुलगी त्यांच्यापासून हातभर लांब उभी राहिली. लॅब मोकळी होती. मी एका स्टँडमध्ये सहा परीक्षानळ्या लावल्या. पहिलीत ड्रममधली खरपुडी पाण्यात हलवून, दुसरीत आमच्या कपाटातलं खात्रीचं फिनॉल, आणि पुढं त्याच घराण्यातले इतर पदार्थ. टोल्युइन, बेंझिल अल्कोहोल, बेंझोइक ॲसिड, अनिलीन.

"ही सगळी भावकी," मी त्यांना म्हटलं. "पोटात कडं सारखंच. स्वभाव वेगळा."

फेरिक क्लोराइड मी सकाळीच अमोनियाचा थेंब थेंब घालून उदासीन करून, गाळून ठेवलं होतं. आम्लात असलं तर रंग नीट येत नाही. दोन-दोन थेंब सगळ्यांत टाकले. टोल्युइन वर तरंगत राहिलं, त्याला काहीच नाही. बेंझिल अल्कोहोल पिवळंच. बेंझोइक ॲसिडमध्ये बदामी गाळ बसला. अनिलीनही जांभळं झालं नाही. पहिल्या दोन नळ्या मात्र जांभळ्या झाल्या. ड्रमवालीचा रंग थोडा मळकट होता, पण जांभळाच.

वडिलांनी वाकून बघितलं. मग विचारलं, "दुसऱ्या कशानं जांभळं व्हतच न्हाई का?"

हा प्रश्न वीस वर्षांत माझ्या वर्गात फार थोड्यांनी विचारला असेल.

"होतं," मी म्हटलं आणि कपाटातून सॅलिसिलिक ॲसिड काढलं. त्याचंही पाणी जांभळं झालं. "म्हणून एका रंगावर थांबायचं नाही."

मग खायचा सोडा घेतला. सॅलिसिलिक आणि बेंझोइक ॲसिड फसफसून वर आली. ड्रममधली खरपुडी गप्प राहिली. म्हणजे ती त्या ॲसिडांपैकी नव्हती. कॉस्टिक सोड्यात मात्र ती विरघळली, आणि त्यात आम्ल घातल्यावर पाणी पुन्हा गढूळ होऊन ती बाहेर पडली. ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग तिनं खाऊन टाकला आणि पांढरा गाळ दिला. अनिलीननंही तसाच गाळ दिला, तेव्हा वडील माझ्याकडं बघू लागले. मी अनिलीनच्या नव्या नळीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं, ते विरघळून गेलं. खरपुडीला त्या ॲसिडाचं काहीच वाटलं नाही.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "बियाचं बी असंच असतंय. नुसता वास बघून इंद्रायनी म्हनून घेतलं तर फसतो मानूस. दाना बघायचा, रोप बघायचं, लोंबी बघायची."

मी मान हलवली.  त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मग आपलीच बोटं बघत म्हणाले, "धुताना हातावर पानी आलं व्हतं. बोटं पांढरी पडली. दोन दिस बधिर व्हती. मी म्हनलं, थंडीनं आसंल."

फिनॉल कातडीला लागलं की हेच होतं. मुलगी त्यांच्याकडं बघत होती. तिला हे माहीत नव्हतं.

"दवाखान्यात गेला नाहीत?"

"एवड्याशाला कोन जातं." मग ते मुलीकडं वळले. "तुला ठावं व्हतं? डरमचं?"

"अंदाज आला होता."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही तिकडं सगळ्यांसमोर बोलला होता ना, आबांबद्दल," ती म्हणाली. "मला कळेना कसं सांगायचं."

ते उठले. मला वाटलं, आता चिडून निघून जातील. त्यांनी विचारलं, "आता विहिरीचं काय करायचं?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. ड्रम आजच बाहेर काढायचे, हातमोजे घालून. विहीर पूर्ण उपसायची, ते पाणी ओढ्यात न सोडता, आणि कुठं सोडायचं ते सरकारी प्रयोगशाळेला विचारून. पाण्याचा नमुना ग्रामसेवकाच्या सहीनं तिकडं पाठवायचा. माझी चाचणी फक्त ड्रममध्ये काय होतं एवढंच सांगते, पाणी पिण्याजोगं आहे का ते तिकडचे सांगतील. अहवाल येईपर्यंत हापसा. आणि ज्या मुलांना उलट्या झाल्या त्यांना डॉक्टरकडं न्यायचं, त्यांना ड्रमचं सांगून.

पुढचं मुलीनं मला गाडीत सांगितलं. लॅबमधून वडील घरी गेले नाहीत, थेट आबांच्या दारात गेले. आत काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. संध्याकाळी दोघंच विहिरीवर होते. आबा वरून दोर धरून, वडील खाली. तराफा वर आला तेव्हा एका ड्रमच्या बुचातून पाणी ठिबकत होतं. आठ दिवसांनी ग्रामसभा बोलावली. वडील पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, "डरम माजे व्हते. पावडरीचा काय संबंध न्हाई. आबांना मी बोललो ते माजं चुकलं." एवढंच. मागून कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं फुकटचं महागात पडलं. ते खाली बसले.

अहवालात फिनॉल मर्यादेपेक्षा जास्त निघालं. विहीर तीनदा उपसली. तिसऱ्या वेळी नमुना बरा आला, तोवर एप्रिल उजाडला होता आणि गावातल्या बायकांचे हापसून हापसून खांदे भरून आले होते. त्याबद्दल त्यांनी मुलीच्या वडिलांना बरंच सुनावलं, आणि मलाही सुनावलं असणार. उलट्या झालेल्या मुलांना डॉक्टरांनी तपासलं, त्यांना पुढं काही झालं नाही. भंगारवाल्यानं ड्रम कुठून आणले हे विचारायला ग्रामसेवक दोनदा गेले. तो म्हणाला, माल शंभर ठिकाणचा येतो. ते तिथंच राहिलं.

आबांना परत घ्यायचा ठराव व्हायला महिना गेला. त्या मधल्या काळात ते रानात भातखाचरांचे बांध घालायला मजुरीवर जात होते. हे कळल्यावर मला जाणं भाग होतं. एका रविवारी पुन्हा गेले. साठीकडं झुकलेला, वाळका, कमी बोलणारा माणूस. कामावर परत आले होते, टाकीच्या पायरीवर बसले होते. मी माझं नाव सांगितलं आणि माफी मागितली. नीट मागितली, वाक्य पाठ करून गेले होते.

त्यांनी ऐकून घेतलं. "तुमी म्हनला व्हता का, मला काडा म्हनून?"

"नाही. पण माझ्यामुळं झालं."

"झालं ते झालं." मग ते म्हणाले, "माजं येकच म्हननं हाय. तवा मला कुनीच इचारलं न्हाई, आबा, चमचा केवडा हाय? किती चमचं टाकतोस? सगळी म्हनली जास्त टाकतो. बघितलं कुनीच न्हाई."

"मी विचारते आता."

ते उठून टाकीखालच्या खोलीत गेले आणि चमचा घेऊन आले. लाकडी दांड्याचा, पत्र्याचा, त्यांनी स्वतः केलेला. आत एक रेघ कोरलेली होती. पावसाळ्यात रेघेच्या वर, उन्हाळ्यात रेघेपर्यंत, असं त्यांनी समजावून सांगितलं. टाकीचं माप, त्यावरून पावडरीचं माप, सगळं त्यांच्या तोंडात होतं. मी एका पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून बघितला. बरोबर होता. तसं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं आणि चमचा आत ठेवून आले.

मुलीचे वडील आणि आबा आता बोलतात की नाही, असं मी तिला मध्ये विचारलं. ती म्हणाली, कामापुरतं बोलतात. आधी दोघं पावसाळ्यात एकत्र मासे धरायला जायचे, ते त्या वर्षी गेले नाहीत. पुढच्या वर्षी जातील, असं तिला वाटत होतं.

ती शेवटच्या वर्षाला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. मी तिला एम.एस्सी. कर म्हणून मागं लागले होते. तिनं ऐकलं नाही, ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. एकदा कामशेतच्या फलाटावर भेटली तेव्हा तिच्या हातात जमीन महसुलाचं जाडजूड पुस्तक होतं. लोकल येईपर्यंत तिनं मला फेरफार म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मला अर्धंच कळलं.